नावाच्या भाकरी

आमच्या घरात भाकरी मोजत नसत, त्यांना नावं असत. माय चुलीपुढं बसली की पहिली भाकर गायीची, मग आजीची, मग "ह्यांची", मग माझी, असं थापता थापता मोठ्यानं म्हणत जायची आणि टोपल्यात एकावर एक ठेवायची. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, त्यामुळे बापाची भाकर जन्मभर "ह्यांची"च राहिली. मायला मोजता येत नव्हतं. कुणी पाच बोटं पुढं केली की ती बोटांकडं न बघता त्या माणसाच्या तोंडाकडं बघायची, आता हा काय करतो म्हणून. पण घरातलं माणूस तिच्या ध्यानातून कधी सुटत नसे. नावं घेऊन संपली की तिचा स्वयंपाक झाला.

शेवटी काठवटीत जेवढं पीठ उरेल त्याची एक बारकी, वाकडीतिकडी भाकर व्हायची. मी रोज विचारायचे, "माय, ही कोनाची?"

"ही उरलेली," ती म्हणायची, आणि तीच खायची.

गाव हसनाबाद. गावात तिला कुणी भोळी म्हणे, कुणी अर्धवट, आणि नळावर भांडण लागलं की सरळ येडी. ती जन्मली तेव्हा उशिरा रडली, असं एक जण सांगे. लहानपणी ताप डोक्यात गेला, असं दुसरा. तिच्या माहेरचं कुणी नीट सांगायला उरलं नव्हतं, आणि कुठल्या डॉक्टरनं तिला कधी तपासलं नव्हतं. माझ्या बापाचा एक पाय आखूड होता. एकाचा पाय आणि एकीचं डोकं, दोन्हीकडच्यांना एकमेकांपासून लपवायला काही उरलंच नाही म्हणून आमचं लग्न झटपट जमलं, असं बाप स्वतःच हसत सांगायचा.

हिच्या हातात लेकरू द्यावं का, हा प्रश्न लोकांनी दोनदा काढला. पहिल्यांदा मी जन्मले तेव्हा, आणि ते मला कित्येक वर्षं कुणी कळू दिलं नाही. दुसऱ्यांदा माझी लेक जन्मली तेव्हा.

मी जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायचं काम करते. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं, आणि कुठलं उगवलं, कुठलं नाही, ते बघत बसायचं. हे काम करणाऱ्याला "का?" विचारायची खोड लागते म्हणतात. मला ती आधीच होती आणि ती मायमुळं लागली. हिच्या डोक्यात नेमकं काय चालतं, याचा शोध घेणं हा माझ्या लहानपणीचा मुख्य उद्योग होता.

एकदा ती पाणी आणायला उठली तेव्हा मी टोपल्यातली माझी भाकर आजीच्या जागी ठेवली आणि आजीची माझ्या जागी. भाकरी सगळ्या सारख्याच, एका हातानं थापलेल्या, एकाच तव्यावर भाजलेल्या. माय आली, टोपल्यात नुसतं बघितलं, दोन्ही होत्या तशा केल्या आणि पुढची थापायला लागली. मी हा प्रयोग कितीदा तरी केला. खालची वर केली, वरची खाली केली. भिंतीपलीकडं चुलत्याचं घर, तिथून काकूनं थापलेली एक भाकर आणून मध्ये सरकवली. ती तिनं चिमटीत धरून बाहेर काढली. काय बघून ओळखायची, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. बोटांच्या खुणाही मी उजेडात धरून बघितल्या, तर सगळ्या तिच्याच.

"तुला कसं कळतं गं, माय?"

"तुझी हाय ना ती," ती म्हणायची, आणि मी आणखी काय विचारते आहे याचं तिला नवल वाटायचं.

पाहुणा आला की पंचाईत व्हायची, कारण नावाशिवाय तिला भाकर थापता येत नसे. "तुमचं नाव काय?" ती चुलीपुढून ओरडून विचारायची. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला बापानं जेवायला थांबवून घेतलं. लोकांची नावं टिपून घ्यायची त्या माणसाला सवय. स्वतःचं कुणी विचारल्यावर तो दचकला आणि आपली तक्रार कुणाकडं होणार आहे ते बापाला हळूच विचारायला लागला. आडनावासकट सांगितलं तेव्हा कुठं त्याला भाकर मिळाली. पुढं कित्येक वर्षांनी तो रस्त्यात दिसला तर मायनं त्याला नावानं हाक मारली होती.

तिला हाताळायची किल्ली एकट्या आजीकडं होती. आजी म्हणजे माझ्या बापाची आई, मायची सासू, आवाजानं गल्ली हलवणारी बाई. ती सगळ्यांना बजावून ठेवायची, "हिला दोन कामं संगं सांगू नका. एक सांगा, ते झालं की मंग दुसरं. आन् एकदा शिकली ना, तर बिलकुल इसरत न्हाई." यातलं शेवटचं वाक्य आम्हाला कधी कधी महागात पडायचं. अंगण झाडायला शिकवताना आजीनं तिला आधी खुंट्याची शेळी सोडायला शिकवलं होतं. शेळी विकली. तरी माय रोज सकाळी रिकाम्या खुंट्यापाशी वाकायची, नसलेल्या दाव्याची गाठ सोडल्यासारखे हात करायची आणि मगच खराटा उचलायची. काकू हसली की आजी म्हणायची, "करू दे की. शेळी काही तक्रार करून राह्यली का?"

शाळेत मला सोडायला ती यायची आणि परत जायचीच नाही. शेवया वाळत घातल्या की काठी घेऊन राखण बसायचं, हे तिला आजीनं शिकवलं होतं. शाळेसमोर पोरं रांगेत बसवलेली दिसली तेव्हा तिनं तोच अर्थ लावला असावा. मैदानातल्या कडुलिंबाखाली काठी घेऊन बसायची, आणि कुत्रं, कोंबडी, शेळी कुणाला वर्गाजवळ फिरकू द्यायची नाही. तपासणीला आलेल्या एका साहेबांनाही तिनं काठी दाखवली. आमच्या बाई आधी वैतागल्या, पण पोरांच्या चपला चोरीला जायच्या थांबल्या तेव्हा त्याच तिला प्यायला पाणी पाठवायला लागल्या. मला लाज वाटायची का? थोडी वाटायची. पण ती दिवसभर तिथं बसून काय बघते, याचं कुतूहल जास्त होतं. म्हणून मी खिडकीतून चोरून बघायचे. कधीही बघितलं तरी ती माझ्याकडंच बघत असायची.

पुढं मी जालन्याला कॉलेजला गेले आणि आमच्याकडच्या सगळ्या पोरापोरींसारखा माझाही डबा एसटीनं यायला लागला. घरचं कुणी तरी सकाळच्या गाडीत डबा ठेवतं, पोरं जालन्याच्या स्टँडवर उतरवून घेतात, आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं गावाला जातो. हे शिकवायला आजीला बराच वेळ लागला. शिकल्यावर मायनं एकदाही गाडी चुकवली नाही. एका दिवशी कॉलेजला अचानक सुट्टी मिळाली म्हणून मी सकाळीच निघाले. माझी गाडी आणि डब्याची गाडी वाटेत कुठं तरी एकमेकींना ओलांडून गेल्या असणार. घरी जेवायला बसले तर पुढ्यात भाकर येईना.

"माय, वाढ की मला."

"तुझी जालन्याला गेली."

"अगं, पण मी इथं हाय ना!"

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मी इथं होते हे तिला दिसत होतं, पण भाकर गेली होती हेही खरं होतं. "मंग तू काहून आली?" ती म्हणाली.

आजीला हसताना ठसका लागला. तिनं आपल्यातली अर्धी मला दिली, तीही मायचा डोळा चुकवून. तिकडं मैत्रिणीनं भरलेलाच डबा परत पाठवला होता. संध्याकाळी तो आला तेव्हा मायनं तो उघडून माझ्यापुढं ठेवला, "घे तुझी," म्हणाली, आणि मी खाऊन संपवीपर्यंत समोरून हलली नाही.

बाप त्याच्या आधीच गेला होता. "ह्यांची" भाकर थापायची मात्र थांबली नाही. आजीनं एकदा तिला जवळ बसवून सांगितलं, "पोरी, तो आता न्हाई." माय म्हणाली, "व्हय, न्हाई," आणि उठून त्याची भाकर थापली. मरण तिला कळलं नव्हतं असं मला वाटत नाही. त्याचा सदरा नाकाला लावून तिला रडताना मी बघितलं आहे. ती भाकर दारातलं कुत्रं खायचं आणि माय त्याला दटावायची, "सावकाश खा. ह्यांची हाय." माझं कॉलेज संपता संपता आजीही गेली. तेव्हापासून कुत्र्याला दोन मिळायला लागल्या.

मला बघायला वाटूरची मंडळी आली, तेव्हा बैठक सांभाळायला चुलता आणि काकू होते. काकूनं मायला आतच बसवून ठेवायचं ठरवलं होतं, पण माय दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. मुलाच्या आईनं विचारलं, "पोरीला काय काय येतं?" काकू तोंड उघडणार तेवढ्यात माय म्हणाली, "झोपंत दात खाती. आन् भाकर करपवती."

काकूनं कपाळाला हात लावला. मुलगा खो खो हसला. माझं लग्न तिथंच ठरलं असं मी धरते. नंतर झाली ती नुसती बोलणी. त्याची आई मात्र हसली नाही. मग मायनं चुलीपुढून सगळ्यांची नावं विचारून घेतली आणि सगळ्यांनी गंमत म्हणून सांगितली. त्याच्या आईपाशी गाडी अडली. "बाईमाणसाला काय नाव इचारायचं? वाटूरची म्हणा," त्या म्हणाल्या. माय हातात पिठाचा गोळा घेऊन थांबून राहिली. वाटूर हे गाव झालं, माणूस नव्हे. त्यांची भाकर झालीच नाही. काकूनं भिंतीपलीकडून आपली आणून गुपचूप वाढली. या बाई पुढं माझ्या सासू झाल्या, आणि मी त्यांना आत्याबाई म्हणायला लागले.

आत्याबाई वाईट नव्हत्या, कडक होत्या. मला दिवस गेल्याचं कळल्यावर त्यांनी नारळ वाढवला आणि त्याच दिवसापासून त्यांचा जीव टांगणीला लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा रिवाज आमच्याकडं कुणी मोडत नाही. मोडला तर लोक बोलणार, पाळला तर लेकरू मायच्या हातात जाणार. एकदा भाजी निवडता निवडता त्यांनी विचारलं, "हे रक्तात असतं का गं?" मला राग आला नाही, कारण मीही तेच विचारून आले होते. भोकरदनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तुझ्या आईचं कारणच माहीत नाही तर मी काय सांगू, तुझ्या तपासण्या मात्र चांगल्या आहेत. मी आत्याबाईंना तेवढंच सांगितलं.

शेवटी त्यांनीच तोड काढली. "मी तुझ्यासंगं येते. बारसं होईस्तोवर तिथंच ऱ्हाते. पण एक ध्यानात ठेव. काही उलटंपालटं झालं, तर त्याच दिवशी दोघींना घेऊन वाटूरला येईन."

सुनेच्या माहेरी सासूनं मुक्काम ठोकलेला हसनाबादनं कधी बघितला नव्हता. काकूच्या ओट्याला चघळायला विषय मिळाला. माझ्या मनात मात्र धाकधूक होती. मायच्या पायांवर माझं लेकरू निजलेलं मला बघायचं होतं, आणि आत्याबाईंनी एकदा ते उचलून नेलं असतं, तर पुन्हा कुणीही मायच्या हातात दिलं नसतं. ती ते कुणाकडं मागायलाही गेली नसती.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आलो आणि आत्याबाईंनी घर ताब्यात घेतलं. लेकराला न्हाऊ घालणं, धुरी देणं, मला शेक देणं, सगळं त्याच करायच्या. मी पाजायला घेतलं की कुणाची नजर नको म्हणून बाजेपुढं लुगड्याचा पडदा ओढायच्या. माय कोपऱ्यात बसून बघायची. तिनं हात पुढं केला की आत्याबाई म्हणायच्या, "राहू द्या." भाकरही त्या आपली आपण थापून घ्यायच्या. रोज सकाळी माय विचारायची, "तुमचं नाव काय?" आणि रोज सकाळी त्या म्हणायच्या, "वाटूरची." दोघींपैकी एकीलाही याचा कंटाळा येत नव्हता.

मग एका सकाळी बादली उचलताना आत्याबाईंचं मनगट लचकलं. काकू कापूस वेचायला शेतात गेलेली. मी टाक्यांची, मला वाकता येत नव्हतं. पाणी तापून तयार होतं आणि लेकरू उघडं रडत होतं. आत्याबाईंनी मायकडं बघितलं. "जमंल का हो तुम्हाला? मी हितंच बसते."

मायनं पाटावर बसून पाय पसरले, लेकरू पायांवर घेतलं, कोपर बुडवून पाणी बघितलं. आणि बोलायला लागली. आवाज तिचा नव्हता, आजीचा होता. "आता मान धर. आता तेल घे. आता टाळू भर, हळू. डोळ्यात पानी जाऊ देऊ नको." एकेक हुकूम ती स्वतःलाच सोडत होती आणि स्वतःच पाळत होती. कपाळावर आडवा हात धरून तिनं पाणी घातलं तेव्हा लेकराच्या डोळ्यात थेंब गेला नाही. मला आजी जाऊन इतकी वर्षं झाली याचा विसर पडला. ओव्याची धुरी दिली, लेकरू गच्च गुंडाळलं. आत्याबाईंच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं, "बराबर हाय की." मग त्या एका हातानं मला शेक देऊन स्वतः न्हाणीत गेल्या, आणि उबेनं माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा झोळी रिकामी होती. माय घरात नव्हती. मागचं दार सताड उघडं होतं.

माझी हाक ऐकून आत्याबाई ओल्या केसांनी धावत आल्या आणि आधी परसातल्या विहिरीकडं गेल्या. काठावर पालथ्या पडून त्या विहिरीत डोकावल्या, ते मला अजून दिसतं. पाण्यात काही नव्हतं. मी भिंत धरून दारापर्यंत आले तेवढ्यात पलीकडची एक बाई म्हणाली, "तुझी माय लेकरू घेऊन वरच्या आळीला गेली. मेंढरंवाल्यांकडं."

तिथं कशाला? आम्ही दोघी कशाबशा गेलो. वरच्या आळीत एक म्हातारी राहायची. लहानपणापासून मला बघितलं की थांबवून गालावर हात फिरवायची; सगळ्याच पोरांना फिरवत असेल असं धरून मी चालले होते. तिच्या अंगणात कोकरं बांधलेली होती, आणि ती भिंतीला टेकून माझी लेक मांडीवर घेऊन बसली होती. माय तिच्यासमोर उकिडवी बसून म्हणत होती, "पाजा की. भूक लागली तिला."

म्हातारी हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. "अगं माझे माय, आता काय राह्यलं माझ्याकडं? म्हातारी झाले मी!"

आत्याबाईंनी झडप घालून लेकरू घेतलं. "बस्स झालं. आजच्या आज वाटूरला निघायचं. बारा दिवस बी झाले न्हाईत आन् लेकरू आळीतून फिरवून आणलं!" मायला आपलं काय चुकलं ते कळेना. ती प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होती. आणि लेकरू तर तिनं खरंच नेलं होतं.

"थांबा बाई," म्हातारी म्हणाली. "आधी ऐका, मंग न्या. ही पोरगी झाली ना," तिनं माझ्याकडं बोट केलं, "तवा हिच्या मायला ताप भरल्ता. दूध आलंच न्हाई. माझं पोरगं तवा अंगावर पीत होतं. हिची आत्या, बापाची बहीण, आल्ती लेकरू न्यायला. म्हणे, ह्या येडीला काय कळतंय, पोरगी मरंल हिच्या हातानं. तर हिची आजी म्हणाली, मी एकेक करून शिकवते, न्हाई जमलं तर घेऊन जा. आन् शिकवलं बाई. न्हाऊ घालायचं, टाळू भरायची, धुरी द्यायची, गुंडाळायचं, आन् मागच्या दारानं जल्दी माझ्याकडं आणायचं. आधी आजी हात धरून आणायची. मंग ही एकटी यायला लागली. उन्हात आली, चिखलात आली. माझ्या दारातलं कुत्रं चावलं, तरी दुसऱ्या दिवशी हजर. पोरगी पिऊन झोपंस्तोवर अशीच समोर बसायची. आत्या आल्ती तशी रिकाम्या हातानं गेली."

"मला कोनीच सांगितलं न्हाई," मी म्हणाले.

"आजीनं शपथ घातल्ती. म्हणाली, हिला लेकराला दूध बी पाजता आलं न्हाई, असं म्हणायला गावाला निमित्त नको."

मायच्या पोटरीवर एक जुना व्रण होता. लहानपणी मी त्यावर बोट ठेवून विचारायचे, हे काय गं, आणि ती म्हणायची, कुत्रं. एवढ्या चौकशा करणारी मी, कोणतं कुत्रं आणि कुठलं, हे मात्र कधी विचारलं नव्हतं. आता मला शेळीचा रिकामा खुंटा आठवला. आजीनं शिकवलेल्या क्रमात धुरीच्या पुढं मागचं दार होतं. तो क्रम तिच्यात इतकी वर्षं जसाच्या तसा होता. आज आत्याबाईंनी तिला पाटावर बसवलं आणि तो सुरू झाला.

लेकरू रडून लाल झालं होतं. मी तिथंच अंगणात बसले आणि पदराखाली घेतलं. रडणं थांबलं. माय जवळ सरकली, वाकून बघितलं, आणि तिचे डोळे मोठे झाले. इतक्या दिवसांत त्या पडद्यामुळं तिनं हे बघितलंच नव्हतं. "तुला हाय?" ती म्हणाली. "तुला दूध हाय?" मी मान हलवली. ती टाळ्या पिटून हसायला लागली, म्हातारीला सांगायला लागली, मग आत्याबाईंना हाताला धरून सांगायला लागली, "हिला हाय! हिला हाय!"

घरी आल्यावर आत्याबाईंनी सामान भरायला घेतलं नाही. बराच वेळ मनगटाला हळद लावत बसल्या, आणि मग मला म्हणाल्या, "म्हंजी हिला शेवटाचंच तेवढं नवीन सांगायचं राह्यलं. व्हय ना?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पाट मांडला आणि मायला बसवलं. न्हाणं झालं, धुरी झाली, गुंडाळून झालं. माय उठून मागच्या दाराकडं वळली तशी आत्याबाईंनी तिचं कोपर धरलं, बाजेपर्यंत आणलं आणि म्हणाल्या, "हितं द्यायचं. पोरीजवळ." एवढंच, एकच गोष्ट. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच शब्दांत. आजीला आत्याबाईंनी कधी बघितलं नव्हतं, तरी मला ते बघताना आजीचीच आठवण येत होती.

बारशाच्या आदल्या दिवशी त्यांनी कोपर धरलं नाही. माय लेकरू घेऊन उठली आणि घराच्या मध्यावर उभी राहिली. एका बाजूला मागचं दार, एका बाजूला माझी बाज. ती दाराकडं बघायची, माझ्याकडं बघायची. आत्याबाईंनी ओठ गच्च मिटून घेतले होते. मला "माय, इकडं" म्हणावंसं वाटत होतं आणि म्हणायचं नव्हतं. मग ती सावकाश माझ्याकडं चालत आली, लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "तुला हाय."

त्या दिवशी ती चुलीपुढं बसली तेव्हा आत्याबाई शेजारी जाऊन बसल्या. गायीची झाली, आजीची झाली, ह्यांची झाली, माझी झाली. मायनं मान वळवून रोजचं विचारलं, "तुमचं नाव काय?"

आत्याबाईंनी दाराकडं बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून, आणि सांगितलं. सासरी बदललेलं नाही, माहेरचं, जे मलाही माहीत नव्हतं. मायनं ते दोनदा तोंडात घोळवलं आणि भाकर थापली. मग उरलेल्या गोळ्याला ती हात घालणार, तोच आत्याबाईंनी तो ओढून घेतला. त्यात थोडं पीठ घातलं आणि दुखऱ्या हातानं चांगली मोठी, गोल भाकर थापली. तव्यावर टाकताना त्यांनी मायचं नाव घेतलं. त्या घरात ते नाव कुणी घेतलेलं मी क्वचितच ऐकलं होतं. "ही तुमची," त्या म्हणाल्या.

"माझी?"

"तुमचीच."

मायनं ती भाकर हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली, वास घेतला. आता ही काय म्हणते म्हणून मी मान उंच करून बघत होते. तिनं काठवटीत बघितलं. काठवट रिकामी होती.

"मंग उरलेली कुठंय?" ती म्हणाली.

आत्याबाई इतक्या हसल्या की लेकरू दचकून जागं झालं. मायनं मूठभर पीठ आणखी मळलं, एक वाकडीतिकडी भाकर थापली, आणि मग तिचा जीव शांत झाला.

माय जाऊन आता दोन पावसाळे झाले. आत्याबाई आमच्याकडं जालन्यातच असतात. माझी लेक शाळेत जाते आणि माझ्यासारखीच माणसाचं डोकं खाते. ओट्याशी उभं राहून आत्याबाई गॅसवर भाकरी करतात, एकेकाचं नाव घेऊन. सगळ्यांच्या झाल्या की मायचं नाव घेऊन एक मोठी, गोल भाकर थापतात आणि खालच्या कुत्र्याला घालायला लेकीच्या हातात देतात. मग परातीत जेवढं पीठ राहिलं असेल, त्याची एक बारकी वाकडी भाकर होते.

"ही कोणाची?" लेक रोज विचारते.

"ही उरलेली," आत्याबाई म्हणतात, आणि ती त्या स्वतः खातात.